कॅनडातली मुलींची ड्रम कोअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नाव बहुतेकदा अचानक भेटतं. शेजारच्या आजी बोलता बोलता म्हणतात, "मी कोअरमध्ये बिगुल वाजवायचे." किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात एकाच खटक्याचा विचित्र बिगुल दिसतो, फोटोत पांढरे बूट आणि तुऱ्याची टोपी घातलेल्या साठ मुली दिसतात. त्यातून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मुख्य काळ साधारण १९५५ ते १९८५.

ड्रम कोअर म्हणजे बँडच ना?

नाही. पूर्ण नाव 'ड्रम अँड बिगल कोअर'. यात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी असं काहीही नसतं. बिगुल, चामड्याची किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याची तालवाद्यं, झांजा आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड, एवढ्यावरच सगळा डोलारा उभा. बसून वाजवणं हा प्रकार नाही. मैदानावर आकृत्या करत, पाठ केलेलं संगीत वाजवायचं. कागद हातात नसतो.

उच्चाराबद्दल एक गोष्ट. इंग्रजी स्पेलिंग corps, पण शेवटचा 'प्स' बोलायचा नाही. एनसीसीतला 'कोअर' तोच हा शब्द. क्वेबेकमध्ये फ्रेंचमधून याला 'तांबूर ए क्लेरों' म्हणजे ड्रम आणि बिगुल म्हणत. तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांत इंग्रजी नाव शोधत बसलात तर निम्मी माहिती हाती लागणार नाही.

आपल्या शाळेतल्या स्वातंत्र्यदिनाच्या बँड पथकात बिगुल, साइड ड्रम, बास ड्रम आणि झांजा असतात. मूळ एकच, लष्करी. फरक असा की कॅनडात त्याच चार वाद्यांवर बारा-तेरा मिनिटांचा मैदानी कार्यक्रम बसवला गेला आणि त्याच्या स्पर्धा झाल्या.

मुलींची वेगळी पथकं का निघाली?

कारण अनेक नामांकित पथकं फक्त मुलग्यांची होती. मुलींना जागा मिळाली तर ती झेंड्यांत. बिगुल किंवा ड्रम हातात घ्यायचा असेल तर स्वतःचं पथक हवं, एवढा तो साधा हिशेब होता. चर्च, रॉयल कॅनेडियन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखा, लायन्स आणि किवानिससारखे क्लब पाठीशी उभे राहत. दुसरी वाट कॅडेट चळवळीची. नेव्ही लीगच्या मुलींच्या शाखेला 'रेनेट' म्हणत आणि तिचेही ड्रम-बिगुल बँड असत. सी, आर्मी आणि एअर कॅडेट्समध्ये मुलींना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये कायद्यातला 'मुलगे' हा शब्द बदलून 'व्यक्ती' केल्यावर.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं की 'मुलींचं पथक' म्हटलं की लोकांना मिरवणुकीची शोभा डोळ्यापुढे येते. मुलींच्या कोअरमध्ये मुख्य सुरांचे बिगुल, जड आवाजाचे बिगुल, बास ड्रम, सगळं मुलीच वाजवत आणि हाताने ताल दाखवणारी ड्रम मेजरही मुलगीच असे. ज्या काळात पितळी वाद्य 'मुलींचं नाही' असं सर्रास मानलं जाई, त्या काळात ही पथकं पितळी वाद्यांवरच उभी होती.

कोणती पथकं नावाजलेली होती?

ऑन्टारिओत किचनर-वॉटर्लूचं 'व्हेंचर्स' आणि क्वेबेकमध्ये लाव्हालचं 'ले शातलेन' ही नावं सत्तरच्या दशकातल्या आठवणींत वारंवार येतात. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत त्या काळी केवळ मुलींच्या पथकांसाठी वेगळा गट ठेवलेला असे, त्यामुळे सीमेपलीकडच्या पथकांशीही गाठ पडे. न्यू जर्सीचं 'ऑड्युबन बॉन बॉन्स' त्यांतलं एक. याखेरीज कितीतरी लहान पथकं स्पर्धेला कधी गेलीच नाहीत. गावच्या मिरवणुका हेच त्यांचं मैदान. त्यांची नोंद आज फारच थोडी उरली आहे.

एका खटक्याच्या बिगुलावर गाणी कशी वाजायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर खरंच सुंदर आहे.

बिगुल जी स्वराचा. साध्या नळीतून फक्त नैसर्गिक स्वरमालिका निघते. आपल्या भाषेत सांगायचं तर नळीच्या मूळ स्वराला सा धरलं की वर क्रमाने सा, प, सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नी, सा, रे, ग असे स्वर मिळतात. ओठ आवळले की वरचा, सैल सोडले की खालचा. मधले स्वर नळीत नाहीतच.

मग आडवा पिस्टन, म्हणजेच तो खटका, आला. उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा. जुन्या बिगुलांत तो दाबला की सगळी मालिका खाली उतरून डीवर जायची, म्हणजे मंद्र पंचमाला सा मानून नवी मालिका सुरू. त्यातून शुद्ध नी आणि मधला रे मिळाला. डाव्या हाताने हलवायचा रोटर, म्हणजे फिरती झडप, किंवा त्याआधी ओढून लांब करायची नळी, यांनी मालिका आणखी अर्ध्या स्वराने उतरवता येई. साठच्या दशकाच्या अखेरीस पिस्टन डीऐवजी एफचा झाला, म्हणजे पूर्ण एका स्वराने उतरवणारा. त्याने मध्यम आणि कोमल निषाद हाती आले, आणि पिस्टन व रोटर एकत्र वापरले की धैवतही.

तरीही काही जागा अडचणीच्याच राहत. पिस्टन आणि रोटर भराभर आलटून पालटून चालवणं कठीण. म्हणून संगीत बसवणारे एकच स्वरावली दोन मुलींत वाटून देत. पहिली मोकळ्या नळीचे स्वर वाजवणार, दुसरी रोटर आधीच दाबून ठेवून मधले. ऐकणाऱ्याला ती एकच सलग धून वाटे. म्हणूनच एखाद्या बाईला "तुमचा भाग वाजवून दाखवा" म्हटलं तर ती चार स्वर वाजवते, दोन ठोके थांबते, परत तीन वाजवते. ती विसरलेली नसते. तिचा भागच तेवढा होता. शेजारणीशिवाय ते गाणं पूर्ण होत नाही.

दोन उभे पिस्टन १९७७ मध्ये डीसीआय (ड्रम कोअर इंटरनॅशनल) या अमेरिकी संघटनेच्या नियमांत बसले, तीन पिस्टन १९९० मध्ये. टोरांटोची व्हेली रॉइस ही कंपनी बिगुल बनवायची, त्यामुळे तिचा शिक्का कॅनडातल्या जुन्या वाद्यांवर सापडतो.

कोणाला कोणता बिगुल देत?

ओठांची ठेवण, दातांची रचना आणि श्वास पाहून. सर्वांत लहान सोप्रानो, मुख्य धून त्याची. मग फ्रेंच हॉर्न आणि मेलोफोन, त्याखाली बॅरिटोन, युफोनियम आणि खांद्यावर घ्यायचा काँट्राबास. दातांना तारा लावलेल्या मुलीला सोप्रानोचं लहान मुखपत्र (ओठांना लावायचं टोक) बोचतं, ओठाची आतली बाजू सोलवटते. अशा मुलीला मोठ्या मुखपत्राचा बॅरिटोन द्यावा. काँट्राबास वाजवणारी मुलगी धिप्पाड हवी असं नाही, पण वजन खांद्याच्या हाडावर न येता मानेजवळच्या स्नायूवर यायला हवं. नाहीतर ती नकळत एका बाजूला झुकते आणि रांगेत तिची जागा दर वेळी अर्ध्या पावलाने चुकते.

नव्या मुलीची नेहमीची चूक म्हणजे उंच स्वरासाठी वाद्य ओठांवर दाबणं. पहिली दहा मिनिटं ते चालतं. मग रक्तप्रवाह दबून ओठ बधिर होतात आणि स्वर फुटतो. उपाय जुनाच : वाद्य डाव्या हाताच्या तळव्यावर नुसतं टेकवून, दुसऱ्या हाताने न धरता, लांब स्वर धरायचे.

ड्रम मांडीवर का आपटायचा?

कारण तो एका पट्ट्यावर लटकलेला असे. पट्टा उजव्या खांद्यावरून, ड्रम डाव्या मांडीपुढे, उजवीकडे उतरता. त्या तिरक्या ठेवणीमुळेच डाव्या हातात काठी तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरतात. ड्रमचं वजन साधारण ५ ते ७ किलो. ड्रमच्या कडेला बसवलेला वाकडा धातूचा पाय मांडीवर टेकतो आणि गुडघा वर उचलून चालायची पद्धत असेल तर प्रत्येक डाव्या पावलाला धक्का बसतो. स्कर्टखाली, पायमोज्याच्या आत स्पंजची पट्टी बांधली की काळंनिळं होणं कमी होई. पट्टा एक भोक जास्त सैल ठेवला तर ड्रम गुडघ्यावर येतो, घट्ट केला तर कोपरं वर जातात आणि रोल, म्हणजे सलग दाट ठोके, तुटतो. प्रत्येकीच्या भोकावर खूण करून ठेवणं हाच शहाणपणा. सत्तरच्या दशकात दोन्ही खांद्यांवर बसणारे कॅरियर आले आणि ड्रम आडवा, सपाट झाला.

जुने पडदे वासराच्या कातड्याचे. दमट हवेत सैल, उन्हात ताणून फाटणारे. पावसाळ्यात ढोलाची पानं ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. १९५७ च्या सुमारास प्लॅस्टिकचे पडदे बाजारात आले आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली.

शिकवणी २६ प्रमाणित रुडिमेंट्सवर, म्हणजे ठोक्यांच्या ठरलेल्या पाठांवर चाले : लाँग रोल, फाइव्ह-स्ट्रोक रोल, फ्लॅम, ड्रॅग, पॅराडिडल वगैरे. आधी रबराच्या पॅडवर, सावकाश सुरू करून वेग वाढवत आणि परत उतरवत. उतरवताना हात गडबडला तर तो रुडिमेंट अजून आलेला नाही, असं समजावं.

पावलांचं गणित कसं असतं?

कार्यक्रम फुटबॉलच्या (अमेरिकन किंवा कॅनेडियन) मैदानावर होई, आणि तिथे दर ५ यार्डांनी पांढरी रेघ असते. ५ यार्ड ८ पावलांत चालायचे, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. लष्करी पाऊल ३० इंचांचं, ५ यार्डांना ६ पावलं. वेग मिनिटाला १२० ते १३२ पावलं.

सगळ्यात अवघड आकृती म्हणजे चाक, म्हणजेच रांगेने एका टोकाभोवती फिरणं. आठ मुलींची रांग आणि दोघींत दोन पावलांचं, म्हणजे ४५ इंचांचं अंतर, असं धरा. ज्या टोकाभोवती रांग फिरते ती खुंटी, आणि तिथली मुलगी जागेवर कदमताल करते. टोकाची मुलगी खुंटीपासून ३१५ इंचांवर. पाव वर्तुळासाठी तिला सुमारे ४९५ इंच चालावं लागतं, म्हणजे नेमकी २२ पावलं. संगीतात जागा १६ ठोक्यांचीच असेल तर तिला ३१ इंचांचं पाऊल टाकावं लागेल. टोकाला उंच मुलगी ठेवली तर ती निभावते, बुटकी ठेवली तर ती धावू लागते, बिगुल ओठावर हलतो आणि स्वरही जातो. म्हणून 'टोक वाकलं' ही चूक पुष्कळदा त्या मुलीची नसून आकृती बसवणाऱ्याची असे.

दुसरी अडचण फक्त कॅनडातलीच. कॅनेडियन फुटबॉलचं मैदान ११० यार्ड लांब, ६५ यार्ड रुंद. अमेरिकेचं १०० यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून थोडंसंच जास्त रुंद. घरच्या मैदानावर मध्यरेषा ५५ ची, तिकडे ५० ची. मागच्या कडेपासून पावलं मोजून बसवलेला कार्यक्रम अमेरिकेत नेला की मागचे बारा यार्ड नाहीतच, आणि बास ड्रम थेट सीमारेषेबाहेर. मोजणी नेहमी पुढच्या कडेपासून आणि मध्यरेषेपासून करावी. सरावाच्या मैदानावर अमेरिकन मागची कडा चुन्याने आखून ठेवावी.

इतक्या लांब पसरलेल्या मुली एका तालात कशा राहायच्या?

कानावर विश्वास न ठेवता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या दोन टोकांत ५० मीटर अंतर असेल तर आवाज पोचायला ०.१५ सेकंद लागतो. मिनिटाला १२८ च्या वेगात एक ठोका ०.४७ सेकंदांचा. म्हणजे दूरच्या टोकाचा ताल जवळजवळ एक तृतीयांश ठोका उशिरा ऐकू येतो. त्याच्याशी जुळवायला गेलं की दोन्ही टोकं एकमेकींची वाट पाहत मंदावत जातात.

नियम असा की मागे असलेल्या ड्रमवाल्या मुली ड्रम मेजरच्या हाताकडे पाहतात. पुढच्या मुली पाठीमागून येणारा ड्रम ऐकून वाजवतात, आणि आजूबाजूचे लांबचे आवाज ऐकूनही सोडून देतात. ही सोडून देण्याची सवय लागायला एक पूर्ण हंगाम जातो.

'टिक' म्हणजे काय? प्रत्येकजण त्याबद्दल एवढं का बोलतं?

त्या काळच्या गुणदानात पथक पूर्ण गुणांनी सुरुवात करी आणि प्रत्येक चुकीला ०.१ वजा होई. ती खूण म्हणजे टिक. परीक्षक हातात पाटी घेऊन रांगांमध्ये शिरत. पाय चुकला, टिक. अंतर बिघडलं, टिक. फ्लॅमचे दोन जवळजवळ एकत्र पडायचे ठोके सुटे पडले, टिक. बिगुल, तालवाद्यं आणि कवायत यांचे परीक्षक वेगवेगळे, शिवाय एकूण परिणामाचे गुण स्वतंत्र. परीक्षक आपल्याशेजारी उभा आहे, त्याची पेन्सिल हलली, आणि आपल्याला पुढची दहा मिनिटं तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हा ताण ज्यांनी सोसला त्या चाळीस वर्षांनीही तो नेमका सांगतात. डीसीआयने ही पद्धत १९८४ मध्ये बंद केली.

आमचं मत असं की टिकमुळे स्वच्छता आली, पण कार्यक्रम भित्रे झाले. ज्यात चूक होऊ शकते असं काही कोणी बसवेना.

कार्यक्रम साधारण ११ ते १३ मिनिटांचा. सुरुवातीची रेषा ओलांडून आत, मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना, मग एका जागी उभं राहून वाजवलेला भाग, शेवटी मैदान सोडणं. वेळेपेक्षा लवकर किंवा उशिरा संपलं तर वेगळा दंड.

तपासणीत काय पाहत?

मैदानात जाण्याआधी पथक रांगेत उभं असे आणि परीक्षक जवळून पाहत फिरे. केस कॉलरला लागता कामा नयेत. लांब केसांचा अंबाडा डोक्याच्या मागच्या बाजूला खाली घालावा लागे, माथ्यावर नाही, कारण वर अंबाडा असला की शाको, म्हणजे तुऱ्याची उंच टोपी, बसत नाही आणि धक्क्याने मागे सरकते. जाळी, आकडे आणि हनुवटीचा पट्टा, तिन्ही हवं. तुरा प्रवासात पुठ्ठ्याच्या नळीत ठेवायचा. ओला तुरा नळीत घातला तर त्याचा आकार कायमचा जातो.

स्कर्टची उंची कमरेपासून मोजू नये. प्रत्येक मुलीची कंबर वेगळ्या उंचीवर असते. जमिनीपासून मोजलं तरच रांगेत काठांची एक सरळ रेघ दिसते. प्लीट्स प्रवासाआधी मोठ्या टाक्यांनी शिवून ठेवत आणि मैदानाजवळ दोरा ओढून काढत. पांढऱ्या बुटांचं पॉलिश दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळवून. एकच जाड हात दिला तर चालताना भेगा पडतात आणि पावसात ते दूध होऊन पायमोज्यावर उतरतं. हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड शर्टाच्या आत.

उभ्या उभ्या मुली चक्कर येऊन का पडायच्या?

जुलैचं ऊन, लोकरीचा गणवेश, रिकामं पोट, हे असतंच. पण मुख्य कारण गुडघे ताठ लॉक करणं. पायांचे स्नायू हलले नाहीत की रक्त पायांतच साचतं, मेंदूला कमी पडतं. भार टाचेवर न ठेवता पायाच्या पुढच्या भागावर ठेवावा, गुडघे किंचित सैल ठेवावेत, बुटाच्या आत बोटं हलवत राहावीत. हे बाहेरून दिसत नाही, टिकही पडत नाही. जेवण दोन तास आधी, पाणी घोटाघोटाने सतत. दूध नको, घशात चिकटा धरतो असं बिगुलवाल्या मुली आग्रहाने सांगत.

थंडीतल्या मिरवणुकांत काय व्हायचं?

टोरांटोची सांताक्लॉज परेड १९०५ पासूनची, आणि ती निघते नोव्हेंबरात. फुंकरीतली वाफ नळीत पाणी होते, पाण्याचा बर्फ होतो आणि पिस्टन खाली गेला की वर येत नाही. जोर केला तर पिस्टनला ओरखडा जातो आणि वाद्य कायमचं बिघडतं. पातळ तेल घालायचं, प्रत्येक थांब्याला पाणी काढायचं, वाजवत नसतानाही नळीतून गरम श्वास सोडत राहायचं, हात पिस्टनवर झाकून ठेवायचा. मुखपत्र मोज्याच्या आत, मुठीत. थंडगार धातू ओल्या ओठाला लावला तर कातडं निघतं.

स्वरही उतरतो. हवा २० अंशांवरून शून्यावर आली की आवाजाचा वेग ३४३ वरून ३३१ मीटरवर येतो. श्वासाची ऊब थोडं सावरते, पण पूर्ण नाही. पथकात धातूच्या पट्ट्यांचं ग्लॉकेनस्पील असेल तर त्याचा स्वर मात्र उतरत नाही, आणि बिगुल व पट्ट्या एकमेकांना लागतच नाहीत. अशा दिवशी नळी शक्य तेवढी आत ढकलावी. तरीही जुळलं नाही तर ग्लॉकेनस्पीलला गप्प बसवावं.

खर्च कसा भागायचा?

बिंगोवर, म्हणजे आपल्या हाउझीसारख्या खेळावर, मोठ्या प्रमाणात. १९६९ मध्ये कॅनडाच्या फौजदारी कायद्यात बदल होऊन धर्मादाय कामासाठीच्या अशा खेळांना परवाने देण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. त्यानंतर आई-वडिलांच्या समितीने आठवड्याची एक रात्र बिंगो हॉलमध्ये काढायची, हे पुष्कळ पथकांत ठरून गेलं. याशिवाय रिकाम्या बाटल्या गोळा करणं, दारोदार चॉकलेट विकणं, मिरवणुकीचं मानधन. किचनर-वॉटर्लूचा ऑक्टोबरफेस्ट, कॅल्गरी स्टँपीड, टोरांटोच्या सीएनई या वार्षिक प्रदर्शन-जत्रेतली वॉरियर्स डे परेड, असे मोठे दिवस कॅलेंडरवर असत. वाद्यं आणि गणवेश पथकाचे. म्हणून घरोघरी जुने फोटो सापडतात, पण बिगुल क्वचित.

ती पथकं बंद का पडली?

एकच कारण नाही. सत्तरच्या दशकात मुलग्यांच्या पथकांनी मुलींना बिगुल आणि ड्रममध्ये घ्यायला सुरुवात केली आणि चांगल्या वाजवणाऱ्या मुली तिकडे गेल्या. ते त्यांच्या हक्काचंच होतं, पण मुलींच्या पथकांचा कणा त्यातून निघाला. जन्मदर घटला होता, डिझेल महागलं होतं. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनातल्या व्हाइटवॉटरला डीसीआयची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढे महिना-दोन महिन्यांचा दौरा ही पात्रताच होऊन बसली आणि उन्हाळी नोकरी करणाऱ्या मुलीला ती परवडेना. १९७७ नंतर नव्या बिगुलांचा संच घ्यावा लागला. १९८१ आणि १९८२ ची डीसीआय स्पर्धा मॉन्ट्रियलला भरली, तेव्हा कॅनडातली अनेक पथकं आधीच विलीन झाली होती किंवा मिटली होती.

जुन्या फोटोचा काळ कसा ओळखावा?

आधी झेंडा पाहा. मेपलच्या पानाचा ध्वज १५ फेब्रुवारी १९६५ ला फडकला. लाल एन्साइन, म्हणजे कोपऱ्यात ब्रिटिश झेंडा असलेला जुना लाल ध्वज, दिसला तर फोटो बहुधा त्याआधीचा. क्वेबेकचा निळा-पांढरा ध्वज १९४८ पासूनचा, त्यावरून फार काही ठरत नाही. मग बिगुल : एक आडवा पिस्टन की दोन उभे? दोन उभे असतील तर १९७७ किंवा नंतर. ड्रम तिरका पट्ट्यावर की सपाट कॅरियरवर? एकाच मुलीच्या पुढ्यात दोन-तीन टॉम, म्हणजे जोडून बसवलेले ड्रम, असतील तर साठच्या दशकाच्या अखेरीनंतरचा. फोटोच्या पांढऱ्या कडेवर छापलेला महिना-वर्ष ही धुलाईची तारीख, काढल्याची नव्हे. जुलैची मिरवणूक नाताळच्या फोटोंबरोबर धुतलेली सापडते. बास ड्रमच्या पडद्यावर गावाचं नाव असतं, ते भिंगाने वाचा.

आजींच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. काय विचारू?

"कसं वाटायचं?" ने सुरुवात करू नका, उत्तर "छान" येतं. कोणत्या रांगेत होतात, उजवीकडे कोण होती, पट्ट्याचं कितवं भोक, बिगुलाचा कोणता भाग, बसमध्ये कुठे बसायचात, शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपताना अंगाखाली काय असे, असं विचारा. हातात एखादी काठी द्या. हात आठवतात ते तोंडाला आठवत नाही.

नावं माहेरच्या आडनावाने लिहून घ्या. त्या वेळच्या कार्यक्रमपत्रिकांत आणि बातम्यांत तीच आहेत. लग्नानंतरच्या नावाने शोधलं तर काही सापडत नाही. क्वेबेकमध्ये १९८१ पासून कायद्याने बायकांचं जन्मनावच कायम राहतं, पण आधी लग्न झालेल्यांचं तसं नाही. हयात व्यक्तीचं नाव कुठेही छापण्याआधी तिला विचारा.

लहान फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. ८ मिलिमीटरच्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास आला तर ती कुजायला लागली आहे, घरच्या प्रोजेक्टरवर चालवू नका. मॅसॅच्युसेट्सच्या फ्लीटवुड रेकॉर्ड्सने त्या काळच्या स्पर्धांच्या तबकड्या काढल्या होत्या. घरच्या मूक फिल्मसाठी आवाज तिथे मिळू शकतो, मात्र वर्ष आणि स्पर्धा जुळते का ते तपासा.

दुकानात मिळालेला बिगुल साफ कसा करू?

पितांबरी, चिंच, ब्रासो, काहीही लावू नका. वरचा लॅकरचा थर निघतो आणि खालचं पितळ काळवंडतं. पिस्टन हलत नसेल तर पातळ वाद्यतेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हाताने हलवा. पकड वापरू नका. सुटला तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. कडकडीत पाण्याने लॅकर फुगतं. मुखपत्र अडकलं असेल तर पिळू नका, नळी वळते. वाद्यदुरुस्तीवाल्याकडे ते ओढून काढायचं साधं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. पोचे राहू द्या. घंटेच्या कडेजवळ कोरलेला आकडा दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. तो बहुधा पथकाच्या वाद्यनोंदीतला क्रमांक असतो, आणि कोणत्या मुलीकडे कोणता बिगुल होता ती यादी अजून कोणाच्या तरी पेटाऱ्यात असू शकते.